बार्टली क्वर्कच्या मरणाची दुरुस्ती

किलकारा गावात सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कोणी कोणाशी बोलत नाही. त्या वेळी रेडिओवर निधनवार्ता असतात. दुकानदार पाव हातात धरून तसाच थांबतो, शेतकरी गोठ्याच्या दारात एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून उभा राहतो, आणि दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलेला रोगीसुद्धा डोळ्यांनीच खुणावतो की जरा दम धरा. कोण गेलं, कुठल्या घरचं, शव कुठे ठेवलंय, किती ते किती भेटायला यायचं, फुलं सगळ्यांनी आणायची की फक्त घरच्यांनी, एवढं सगळं असम्प्टा नावाची बाई सावकाश वाचते. गेलेल्याची ओळख असावीच लागते असं नाही. त्याच्या मेहुण्याकडून आपल्या चुलत्यानं कधीकाळी शिडी आणली असेल, तरी जावं लागतं. भेटायला गेलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. न गेलेलं तीन पिढ्या लक्षात राहतं.

दर मंगळवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी ‘एक पान’ हा कार्यक्रम सुरू व्हायचा, आणि गाव पुन्हा बोलू लागायचं.

‘एक पान’ मॅलकी टूहीचा. मॅलकी चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याचे वडील गावच्या शाळेत मास्तर, म्हणून सात पुस्तकं लिहून आणि चाळीस वर्षं डब्लिनच्या रेडिओवर बोलूनही गावात तो ‘मास्तरांचा मॅलकी’च राहिला होता. अवघड पुस्तकं सोपी करून सांगणं हा त्याचा धंदा. आवाज असा की त्यानं आगगाडीचं वेळापत्रक वाचलं तरी ऐकणाऱ्याला आपल्या पापांची आठवण व्हावी. म्हातारपणी बहिणीकडे राहायला आल्यावर त्यानं शेवटचं एक काम अंगावर घेतलं. याच जिल्ह्यातल्या एका माणसानं साठ-सत्तर वर्षांपूर्वी एक कादंबरी लिहिली होती. सहाशे चाळीस पानं. परदेशातले प्राध्यापक तिच्यावर परिषदा भरवत. जिल्हा कचेरीनं एका वर्षी अभिमानानं घरटी एक प्रत वाटली होती, आणि नवव्या पानापुढे गेलेला माणूस साऱ्या जिल्ह्यात मिळत नव्हता. मॅलकीनं ठरवलं, ज्यांच्या बापजाद्यांवर ते लिहिलंय त्यांना ते समजलंच पाहिजे. आठवड्याला एक पान. आधी वाचायचं, मग उलगडून सांगायचं.

शेजारचा पॅकी बोहन कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, “सहाशे चाळीस आठवडे. म्हणजे बारा वर्षं आणि वर थोडे. तू सत्त्याऐंशीचा होशील. नाताळ आणि सर्दीपडसं धरलं तर अठ्ठ्याऐंशीचा.”

“बरं मग?”

“मग काही नाही. मी आपलं सांगितलं. दोन दोन पानं घे.”

“एकेका पानात पुष्कळ असतं, पॅकी.”

“असेल बाबा. पण तुझ्यात किती आहे ते बघ.”

सल्ले सगळ्यांकडेच होते. खाटकानं सुचवलं की शेवटचं पान आधी वाच, म्हणजे लोकांना कळेल हे कुठे चाललंय. पाद्रीबुवांनी विचारलं की पुस्तकात काही वावगं आहे का, आणि नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. आणि बहीण अॅट्रॅक्टा, वय सत्त्याहत्तर, गावच्या टपाल कचेरीत जन्म घालवलेली, हिनं काहीच सुचवलं नाही. ती निधनवार्ता संपल्या की उठून रेडिओ बंद करायची.

“तुझं बोलणं मला घरात फुकट ऐकू येतं,” ती म्हणायची. “त्याला वीज कशाला जाळायची.”

मॅलकीनं हे मनाला लावून घेतलं नाही असं तो म्हणायचा. दिवसातून दोनदा तरी म्हणायचा.

आठ महिने झाले आणि पुस्तक एकतिसाव्या पानावर आलं. या आठ महिन्यांत श्रोत्यांची दोन पत्रं आली. एकात, हरवलेलं तपकिरी कुत्रं कोणी पाहिलंय का ते विचारावं अशी विनंती होती. दुसऱ्यात लिहिलं होतं की मधला बासरीचा तुकडा छान आहे, तो अजून लांबवावा. निधनवार्ता आणि ‘एक पान’ यांच्यामध्ये आठ सेकंद बासरी वाजायची, तिच्याबद्दल होतं ते.

मार्च उजाडला तसं रेडिओच्या व्यवस्थापक डर्व्हला प्रंटीनं त्याला खोलीत बोलावलं. चाळिशीची, सरळ स्वभावाची बाई. तिच्यासमोर श्रोत्यांच्या पाहणीचा कागद होता. नऊ दहापाशी रेघ डोंगराएवढी वर चढली होती आणि नऊ वीसला कड्यावरून उडी घेतल्यासारखी खाली आली होती.

“लोकांना कंटाळा येतोय का?” मॅलकीनं विचारलं.

“नाही हो. कंटाळा यायला ऐकावं लागतं.” मग तिचं तिलाच वाईट वाटलं. “या महिनाअखेरपर्यंत बघू. रेघ हलली तर ठीक. नाहीतर तिथे हवामान घ्यावं लागेल.”

पन्नास वर्षांच्या साधनेवर हवामान घालणार. मॅलकी सायकल हातात धरून पायीच घरी आला, कारण सायकलवर बसायची त्याची मनःस्थिती नव्हती. पण वाटेत त्याला युक्ती सुचली, आणि ती सुचली हेच सगळ्याचं मूळ.

एकतिसाव्या पानावर बार्टली क्वर्क मरतो. नॉकरो गावचा शेतकरी, कालवड विकायला गुरांच्या बाजारात जातो आणि चिखलात कोसळतो. अख्खं मरण एकाच वाक्यात, वाक्य पाऊण पानाचं, आणि त्याला शेवटी पूर्णविराम नाही. प्राध्यापकांनी त्या नसलेल्या पूर्णविरामावर जेवढं लिहिलंय तेवढं कोणी असलेल्यांवर लिहिलं नसेल. मॅलकीच्या मनात आलं, या जिल्ह्यातल्या माणसाला साहित्याचा एक प्रकार शब्दन् शब्द समजतो, निधनवार्ता. मग बार्टलीचं मरण त्याच साच्यात घालून सांगितलं तर? त्यानं रात्रीच्या जेवणाआधी बसून सुरेख मजकूर तयार केला.

मंगळवारी सकाळी स्टुडिओत गेला तर असम्प्टाचा आवाज बसलेला. घशातून नुसती हवा येत होती. डर्व्हला म्हणाली, “मॅलकी, आज निधनवार्ता तुम्हीच वाचाल का? तुमचा आवाज तसाही त्याच कामाचा आहे.”

यात स्तुती किती आणि टोमणा किती हे ठरवायला वेळ नव्हता. मॅलकी बसला आणि त्यानं तीन खऱ्या वार्ता वाचल्या. तिन्हींच्या शेवटी तेच शब्द होते: शव दुपारी चार ते सात अमक्याकडे ठेवण्यात येईल, फुलं फक्त घरच्यांची. मग बासरी वाजायची होती. पण यंत्राची बटणं रोज असम्प्टा दाबायची, ती तर गरम पाणी प्यायला बाहेर गेली होती, आणि डर्व्हलाला ते बटण सापडेना. काचेमागून तिनं हातानं खूण केली, चालू द्या. मॅलकीनं चालू दिलं.

“नॉकरो इथले बार्थॉलॉम्यू, म्हणजेच बार्टली, क्वर्क. पूर्वी लिव्हरपूल इथे वास्तव्य. गुरांच्या बाजारात, अचानक. सबीना यांचे प्रिय पती.” आणि इथे, तीनदा तेच म्हणून जिभेला वळण लागलेलं, कागदावर नसलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं. “शव आज दुपारी चार ते सात गिल्डे यांच्याकडे ठेवण्यात येईल.”

गिल्डे म्हणजे गावचा अंत्यविधीवाला. गावात तो एकच.

पुढे मॅलकीनं वाचलं, की बार्टली यांच्या मागे पत्नी, एक कालवड आणि लावलं की नाही ते न आठवणारं एक फाटक असा परिवार आहे. त्याला वाटलं, इथे ऐकणाऱ्याच्या ओठावर हसू येईल आणि डोळ्यांत पाणी. पण त्या वेळी अर्धा जिल्हा कपाटातून काळा कोट काढत होता. नाव कळलं, गाव कळलं, वेळ कळली, आता ऐकायचं काय राहिलं?

त्या दिवशी मॅलकी वाचनालयात बसला आणि तीन वाजता घरी आला. अॅट्रॅक्टा काळ्या कोटात, काळी टोपी घालून स्वयंपाकघरात उभी. टेबलावर हॅम सँडविचची परात, वर ओलं फडकं.

“कोण गेलं?” मॅलकीनं टोपी काढत विचारलं.

“मला काय विचारतोस? तूच तर वाचलंस. बार्टली क्वर्क.”

मॅलकी खुर्चीवर बसला. आठ महिन्यांत बहिणीनं प्रथमच त्याचा कार्यक्रम ऐकला होता. क्षणभर त्याला फार बरं वाटलं. मग बाकीचं लक्षात आलं.

“अॅट्रॅक्टा, बार्टली क्वर्क पुस्तकातला आहे.”

तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. टपाल कचेरीत चुकीच्या पत्त्याच्या पाकिटाकडे बघायची तसं.

“चोवीस सँडविच केलीयत मी,” ती म्हणाली. “मोहरी लावून.”

“मला काय माहीत...”

“डीलिया हेशनचा फोन आला होता. ती तेरा मैलांवरून निघालीसुद्धा. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले. आता तू गिल्डेकडे जा आणि दारात उभा राहून एकेकाला सांग. ही परात पण घे. फुकट कशाला घालवायची.”

गिल्डेच्या दारात सव्वाचारला मोटारींची रांग पुलापर्यंत गेली होती. आत गेल्यागेल्या गिल्डेनं त्याला कोपऱ्यात ओढलं. पन्नाशीचा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस, पण आज त्याच्या कपाळावर घाम होता.

“मॅलकी, एक विचारतो, कोणाला बोलू नकोस. हा क्वर्क कुठे आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे माझ्याकडे नाहीये. फोन माझी बायको घेते, ती सकाळीच स्लायगोला गेलीय. रेडिओवर ऐकलं तेव्हा मला वाटलं तिनं घेतला असेल निरोप. दोन इस्पितळांत विचारलं. नाही. मग लोक यायलाच लागले. मी आतल्या खोलीचं दार लावलंय आणि सांगितलंय की घरची माणसं यायचीयत.” त्यानं आवाज आणखी उतरवला. “आमच्या घराण्यात चार पिढ्यांत प्रेत हरवलेलं नाही.”

मॅलकी त्याला खरं सांगणार, तेवढ्यात पुढच्या माणसानं त्याचा हात हातात घेतला. “तुमच्या दुःखात सहभागी आहे.”

झालं असं होतं की मॅलकी आतल्या दारापाशी उभा होता, आणि त्या घरात आतल्या दारापाशी उभा राहील तो मयताचा नातेवाईक. शिवाय चेहरा उतरलेला. लोकांनी दुसरं काय समजायचं? एकामागून एक हात येऊ लागले. “ऐकून वाईट वाटलं.” “अचानकच झालं म्हणे.” “सुटला बिचारा.” हात हातात असताना माणसाला सांगता येत नाही की तुमचं दुःख चुकीच्या पत्त्यावर आलंय. मॅलकी तोंड उघडायचा, तोवर पुढचा हात. साठ हात झाले तेव्हा तो स्वतःही थोडा हळवा झाला होता. नव्वदाव्या हाताला त्याच्या तोंडून “आल्याबद्दल आभारी आहे” असं गेलं, आणि ते ऐकून त्याला स्वतःची शरम वाटली.

परातीजवळ पॅकी बोहन चारपाच जणांना सांगत होता, “मी त्याला लिव्हरपूलला ओळखायचो ना. गोदीवर एकत्र माल उतरवायचो. डावखुरा होता. अबोल. पण मनानं सोनं.”

“नॉकरोचे क्वर्क म्हणजे टेकडीखालचे का?” कोणीतरी म्हणालं.

“तेच,” दुसरा एक जण म्हणाला. “माझ्या बापानं त्यांच्याकडून बैल घेतला होता. मारका निघाला.”

इथे मात्र मॅलकीला राहवलं नाही. पन्नास वर्षं ज्यानं लोकांना सांगितलं की पुस्तकातली माणसं खरी असतात, त्यानं खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि सांगितलं की हा माणूस खरा नाही. सगळं सांगितलं. असम्प्टाचा घसा, बासरीचं बटण, जिभेचं वळण, एकतिसावं पान.

खोलीत दीडदोनशे माणसं होती. चहाच्या कपांचा आवाज थांबला.

“म्हणजे मग गेलं कोण?” मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“कोणीच नाही.”

“कोणीच नाही?” म्हातारा निराश झाला. “आम्ही एवढा वळसा घालून आलो.”

गिल्डे मात्र भिंतीला टेकला आणि त्यानं मोठा श्वास सोडला. सगळ्या खोलीत सुखी दिसणारा तो एकटाच. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे पॅकी बोहनकडे वळले. पॅकीनं सँडविच शांतपणे चावून गिळलं.

“दुसरा बार्टली असेल,” तो म्हणाला. “तोही गेलाच असेल एव्हाना.”

डीलिया हेशन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. हातात काठी, मांडीवर प्रार्थनेचं कार्ड. ही बाई साठाव्या वर्षी वाचनालयातल्या वर्गात जाऊन अक्षरं शिकली होती, आणि तेव्हापासून कोणी उगाच भारी शब्द वापरला की ती त्याचा अर्थ विचारायची. मॅलकीला वाटलं, आता ही आपली सालटी काढणार.

“खाली उतर, पडशील,” ती म्हणाली. तो उतरला. “कसा गेला तो?”

“कोण?”

“बार्टली. मी तेरा मैल आलेय. माणूस गेला की लोक जमतात आणि विचारतात कसा गेला. मग सांग.”

“ते... लेखकानं संज्ञाप्रवाहाची एक...”

“कसली?”

मॅलकीनं हवेत उचललेला हात खाली घेतला.

“तुला कसा वाटला ते नाही विचारलं. कसा गेला ते विचारलं. पुस्तक आहे ना खिशात?”

होतं. मॅलकीच्या कोटाचा खिसा त्या पुस्तकानं कायमचा लोंबलेला असे. “सुरुवात अठ्ठाविसाव्या पानापासून करावी लागेल,” तो म्हणाला. “बायको घरी असते तिथून.”

“कर. चहा आहे अजून.”

त्यानं वाचलं. अठ्ठाविसाव्या पानावर बार्टली पहाटे निघून जातो, सबीना मागे घर आवरते. घड्याळ अकराचे ठोके देतं आणि ती बाहेर दहिवर गोठलेलं असताना स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडते. एकोणतीस आणि तीस ही पानं बाजाराची. मग एकतीस. मॅलकीनं ते वाक्य वाचलं:

“आणि कालवडीचा दोर हातातून सुटला की हातच दोरातून सुटला ते बार्टलीला कळेना, चिखल गार होता आणि गालाला बरा वाटत होता, आणि फाटक, वरच्या कुरणाचं फाटक लावलं होतं का, सबीना म्हणाली होती लाव आणि तो हो म्हणाला होता, पण हो म्हणणं आणि लावणं यांच्यामध्ये एक अख्खं कुरण पडतं, आणि मेंढ्या काय, मेंढ्यांना उघडं दिसलं की शिरायचं एवढंच ठाऊक, आणि हे एवढे बूट का जमलेत तोंडापाशी, एका बुटाची नाडी सुटलीय, कोणीतरी त्याला सांगा, आणि सबीनाला सांगा, कोणीतरी जाऊन तिला सांगा की”

इथे वाक्य तुटतं. खाली चार ओळी आहेत. घड्याळात एक वाजतो, सबीना उठून खिडकी लावते. मग पोलीस दार ठोठावतो.

मग बैलाची गोष्ट सांगणारा म्हणाला, “लावलं नव्हतं त्यानं फाटक.”

“लावलं होतं,” पॅकी म्हणाला. “लावणाऱ्यालाच शंका येते. न लावणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.”

“मग मरताना कशाला आठवलं?”

“दुसरं काय आठवणार? बायकोनं शेवटचं तेच सांगितलं होतं ना.”

“एकट्यानं जायलाच नको होतं,” एक बाई म्हणाली. “रंग बरा नसणार सकाळी. तिनं अडवायला हवं होतं.”

“तू तुझ्या नवऱ्याला अडवतेस का कधी?”

“माझा जातोय कुठे.”

मॅलकी वळून वळून एकेकाकडे पाहत होता. लोक भांडत होते. त्या पाऊण पानावर भांडत होते, आणि कोणी एकदाही पूर्णविरामाबद्दल विचारलं नव्हतं. माणूस मेला, वाक्य राहिलं, यात विचारण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं. त्याला राहवेना. थोडं तरी मार्गदर्शन करावं म्हणून तो म्हणाला, “ती खिडकी फार महत्त्वाची आहे. थंडीत उघडलेली खिडकी म्हणजे सबीनाची मुक्तीची ओढ. त्यावर मी फेब्रुवारीत तीन आठवडे बोललो होतो.”

डीलियानं काठी जमिनीवर ठेवली.

“मास्तरांच्या मॅलकी, तुझे वडील गेले तेव्हा तू घरात होतास?”

“होतो.”

“खिडकी कोणी उघडली?”

खिडकी त्यानंच उघडली होती. आईनं सांगितलं होतं उघड, त्यांचा जीव बाहेर जाऊ दे. आणि दोन तासांनी तिनंच सांगितलं होतं, आता लाव, परत यायला नको.

“अकराला उघडली, एकला लावली,” डीलिया म्हणाली. “दोन तास. पोलीस यायच्या आधी. तो म्हणत होता कोणीतरी जाऊन सांगा, आणि तिला आधीच कळलेलं होतं. ओढ कसली घेऊन बसलास.”

खोलीतल्या बायकांनी माना डोलावल्या. कोणाला यात नवीन काही वाटलं नाही. मॅलकीनं ते पुस्तक अकरा वेळा वाचलं होतं. त्यावर लिहिलेली चौदा पुस्तकं वाचली होती. तो गिल्डेच्या त्या कडक खुर्चीवर बसून राहिला आणि अॅट्रॅक्टाचं एक सँडविच त्यानं खाल्लं, कारण तोंडाला काहीतरी काम हवं होतं.

बुधवारी तक्रार आली. तेरा मैल नव्हे, चाळीस मैलांवरून आलेल्या एका गृहस्थानं थेट राजधानीतल्या कचेरीत फोन केला होता. तिथून एक फॉर्म आला. डर्व्हलानं तो मॅलकीपुढे सरकवला. मृत व्यक्ती खरी आहे काय? नसल्यास, तिच्या नातेवाइकांची संमती घेतली होती काय? मृत व्यक्तीच्या वतीनं प्रमाणपत्र देणाऱ्या अंत्यविधीवाल्याचं नाव?

“हे सगळं मी भरते,” ती म्हणाली. “तुम्ही एवढंच करायचं. शुक्रवारी, निधनवार्तांच्या वेळी, ही दुरुस्ती वाचायची. नाही वाचली तर ‘एक पान’ शुक्रवारीच बंद. महिनाअखेरपर्यंतसुद्धा मला थांबता येणार नाही.”

कागदावर दोन ओळी होत्या. नॉकरो इथल्या बार्टली क्वर्क यांचं निधन झालेलं नाही. श्रोत्यांना झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

मॅलकीनं कागद घरी नेला. पॅकीनं कुंपणावरून वाचला. “यात काय आहे? वाचून टाक. नाहीतर म्हण की प्रकृतीला आराम आहे.”

“तो गेलाय, पॅकी.”

“अरे, तूच खुर्चीवर चढून सांगितलंस की नाही म्हणून.”

“मी सांगितलं की तो पुस्तकातला आहे. मेला नाही असं नाही सांगितलं. एकतिसाव्या पानावर तो मेलाय. मी जन्मभर लोकांना सांगत आलो की पुस्तकात लिहिलेलं झटकून टाकू नका. आणि आता कार्यक्रम टिकावा म्हणून म्हणू की तसं काही घडलंच नाही?”

पॅकीनं थोडा विचार केला. “मग कार्यक्रम जाईल.”

“जाईल.”

“आणि सहाशे नऊ पानं?”

“राहतील.”

अॅट्रॅक्टानं सुचवलं की ‘नाही’ या शब्दावर खोकायचं. हा सल्ला मॅलकीनं गुरुवारी रात्री जवळजवळ मान्य केला होता. शुक्रवारी सकाळी उठल्यावर मात्र त्याला खोकला आला नाही.

असम्प्टाचा आवाज परत आला होता. तिनं दोन वार्ता वाचल्या आणि ध्वनिक्षेपक मॅलकीकडे वळवला. काचेमागे डर्व्हला उभी होती, हाताची घडी घालून. हवामानाचा कागद तिच्या हातात तयार होता.

“मंगळवारी मी नॉकरो इथल्या बार्टली क्वर्क यांच्या निधनाची बातमी दिली,” मॅलकीनं वाचलं. त्याचा स्वतःचा कागद होता तो. “ते पुस्तकातले आहेत हे मी आधी सांगायला हवं होतं. ती चूक माझी. गिल्डे यांच्याकडे त्यांचं शव कधीही नव्हतं. तीही चूक माझीच, गिल्डे यांचा तिच्याशी काही संबंध नाही. निधनाबाबत मात्र दुरुस्ती नाही. ते गेले आहेत.”

काचेमागे डर्व्हलानं डोळे मिटले.

“दुसरी दुरुस्ती. फेब्रुवारीत मी तीन आठवडे सांगितलं, की सबीना क्वर्क यांनी थंडीत खिडकी उघडली ती मुक्तीच्या ओढीनं. हे मी चूक सांगितलं. त्यांनी खिडकी का उघडली हे गिल्डे यांच्याकडे जमलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मला माहीत असून मी विसरलो होतो. त्याबद्दल मी श्रोत्यांची माफी मागतो. सबीना यांचीही.”

त्यानं कागद घडी घालून ठेवला. झालं, असं त्याला वाटलं. चौऱ्याहत्तरावं वर्ष काही अगदीच वाईट नव्हतं थांबायला. तो उठणार इतक्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. मग दुसरा वाजला. डर्व्हलानं एक उचलला, काही ऐकलं, काही बोलायचा प्रयत्न केला, आणि हरल्यासारखी खूण करून ते बोलणं आत स्टुडिओत सोडलं.

“मॅलकी, मी डीलिया हेशन.”

“बोला.”

“सबीनाकडे आज कोण आहे?”

मॅलकी गोंधळला. “तिची बहीण येते. बत्तिसाव्या पानावर.”

“मोठी की धाकटी?”

“धाकटी. दोघींचं पटत नाही.”

“तरी आली ना. कधी वाचणार ते?”

“मंगळवारी. म्हणजे, जर कार्यक्रम...”

“नवरा गेलाय, घरात बाई एकटी बसलीय, दारात न पटणारी बहीण उभी आहे, आणि तू मंगळवारपर्यंत थांबणार?”

मॅलकीनं काचेकडे पाहिलं. डर्व्हलाच्या मागे तिसरा फोन वाजत होता आणि असम्प्टा कानाला दुसरा लावून कोणाला तरी सांगत होती की नाही हो, फाटकाचं काही कळलेलं नाही अजून. डर्व्हलानं हातातल्या हवामानाच्या कागदाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, जिथे हवामान सगळ्यांना दिसत होतं, आणि खांदे पाडले.

“वाचा,” तिच्या ओठांवरून कळलं.

मॅलकी पुन्हा बसला. खिशातून पुस्तक काढून त्यानं बत्तिसावं पान उघडलं, आणि घसा साफ केला. “या पानाकडे वळण्यापूर्वी,” तो म्हणाला, “लेखकाच्या एका विशेष...”

“समजावू नकोस,” डीलियाचा आवाज आला. “वाच नुसतं. ते आम्ही बघतो.”

पन्नास वर्षांत त्याला असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. मग पानाच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि वाचायला लागला.